मक्याच्या बांधावरचा फासा

जबाब देणार: खाली सही करणारी. वय २२ वर्षे. शिक्षण बी.ए. व्यवसाय शिकवण्या घेणे व घरची शेती. राहणार वडिलांच्या घरी, शेतात.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, शेजारच्या काकूंना वाचता येत नाही हे ठाऊक असताना मी धोक्याची सूचना नुसती लिहून लावली, तोंडी सांगितली नाही.

रानडुकरे आमचा मका लोळवत होती. गेल्या सोमवारी वडिलांनी मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचे सात फासे ओढ्याकडच्या बांधावर लावले. माणसाचा पाय अडकेल, असे मी म्हणाले. वडील म्हणाले, "मग लिही की पाटी. घरात पहिली शिकलीस ती कशाला?" मी पत्र्यावर लाल रंगाने लिहिले: 'सावधान. येथे फासे लावले आहेत.' वडील म्हणाले, "डुकरांनी वाचलं म्हणजे पंचाईत." आम्ही दोघेही हसलो.

बुधवारी सकाळी सातच्या सुमारास ओरडणे ऐकून आम्ही धावलो. सरपण वेचायला आलेल्या काकू पाटीपासून दोन हातांवर पडल्या होत्या. डाव्या घोट्याच्या वर तार रुतली होती. वडिलांनी ती पकडीने कापली. दवाखान्यात काकू मला म्हणाल्या, "लांबून लाल अक्षरं दिसली. म्हटलं, पोरीनं काहीतरी चांगलं लिहिलं असेल, जवळून बघावं."

पायाची शीर तुटली आहे. पाय पूर्वीसारखा टेकणार नाही, असे डॉक्टर सांगतात. काकू एकट्या राहतात. आई कामाला जायची तेव्हा मला त्याच सांभाळत.

गुरुवारी वडिलांनी मला कागद लिहायला सांगितला: 'मी बांधावरून घसरून पडले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' त्यावर काकूंचा अंगठा घ्यायचा होता. मी नको म्हणाले. वडील म्हणाले, "बापाला आत बसवायला बी.ए. झालीस का?" मी कागद लिहिला.

दवाखान्यात मी शाईची डबी उघडताच काकूंनी अंगठा पुढे केला. मी म्हणाले, "आधी ऐका तरी."

"तू लिहिलंयस ना? मग काय ऐकायचं?"

मी वाचून दाखवले. काकू म्हणाल्या, "अगं, पण मी घसरले कुठे?"

तो कागद मी फाडला. त्यांनी सांगितले तसे दुसऱ्या कागदावर लिहिले, दोनदा वाचून दाखवले, मगच अंगठा घेतला. फासे वडिलांचे व पाटी माझी, हे दोन्ही त्यात आहे. आज निघताना मी हे वडिलांना सांगितले.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. सांगितला तसाच आहे. काकूंचा कागद मी जबाब सुरू होण्यापूर्वीच ठाणे अंमलदारांकडे जमा केला असून त्याची पोच माझ्याकडे आहे.