बिनइंजिनाच्या गाडीतली जाळी

आमचा जन्म यवतमाळचाच, भाऊ. अब्बा रेडिएटरवाले होते, मीबी रेडिएटरवाला. फुटल्या जाळीले कथलाचा डाग देनं, कचरा काढनं, पानी भरून कुठं थेंब गळते ते पाहनं, याच्यावरच माहं लगन झालं, घर झालं अन् माही पोट्टी नाजिया आयटीआय शिकली. मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकटीच पोट्टी होती. पास होऊन आली तं म्हणे अब्बा, मी दुकानातच बसते.

काय सांगू तुम्हाले, मले खुशी व्हायले पायजे होती, पन म्या नाई म्हनलं. काहून का आता बॅटरीच्या गाड्या येऊन राह्यल्या, त्याईले इंजिनच नाई, इंजिन नाई तं तापन काय, अन् तापत नाई तं जाळी कायले पायजे? म्हनलं बाई, हा धंदा माह्यासंगंच जाईन, तू कुठं नोकरी पाय. तिनं माह्याशी बोलनंच सोडलं. लय वाईट वाटे मले, पन पोरीले बुडत्या धंद्यात कसं बसवू?

मंग या उन्हाळ्यात मारेगावचा एक सवाऱ्या नेनारा बॅटरीची गाडी घेऊन आला. म्हणे गाडी पयतच नाई, एसी थंडा देत नाई, अन् चार्जिंगले लावली का गाडी बंद असूनबी समोरचा पंखा गरगर फिरते. म्या म्हनलं, बाप्पा, याच्यात करंटच करंट, मी हात नाई लावत. तो म्हणे समोर जाळी हाय, पाय तं खरा. वाकून पाह्यलं तं खरंच जाळी, भाऊ. मेला म्हनून सांगतलेला मानूस बजारात भेटावा तसं झालं मले.

नाजिया डबा घेऊन दुकानात आली होती, तिनं गाडी बंद केली अन् कितीक दिवसानं माह्याशी बोलली, म्हणे नारंगी वायरीले हात लावू नका, मोठा करंट तिच्यातच राहते. म्या पान्याची नळी धरली तं कोमट. डिझेल गाडीची नळी हात भाजते, कोमट म्हंजे पानी फिरतच नाई, म्हनून म्या सांगून टाकलं, पंप गेला. ती म्हणे थांबा अब्बा, हे कोमटच पायजे, बॅटरीले मानसावानी लागते, आंगाले सोसन इतकंच. बॅटरीखालून अन् मोटारीच्या कंट्रोलच्या डब्यातून पानी फिरते, गरमी इथं आनून सोडते. म्या म्हनलं, पन आपल्या इकडं मे महिन्यात हवाच आंगाहून गरम, त्या हवेनं बॅटरी थंडी कशी होईन? मले खरंच समजे ना. ती म्हणे म्हनूनच एसीचा गॅस त्या पान्याले थंड करते, बॅटरीले पयले, सवारीले मंग. पन गॅसचीबी गरमी समोरूनच बाहीर जाते, तिथं हवा लागलीच पायजे.

हवा लागन कशी? मारेगाववाला हळूच म्हणे, कूलरले वाळ्याची ताटी बांधतो तसं मी रोज समोर वल्लं बारदान बांधतो, गाडी थंडी राहावी म्हनून. त्या वल्ल्यात धूळ अन् कापसाचे तंतू बसून जाळीवर पुरं लिपन झालं होतं. तं मंग म्या नरम बुरुशानं, बारीक धारेनं एक एक पट्टी मोकळी केली. चक्कर मारून आला तो, म्हणे एसीनं थंडी वाजून राह्यली.

डाग देनं आता जाईन, ही जाळी अॅल्युमिनियमची, हिले कथील धरत नाई. दुखते मले ते, खोटं कायले बोलू. पन दुसऱ्या दिवशी दुकानाची चावी म्या नाजियाले देली. आता ती गाडीखाली अन् मी स्टुलावर, अन् मीच विचारत राहतो, हे काय, ते काहून. चिडते कधी कधी. चिडू द्या. अल्ला तिले लय गाड्या देवो.