डावा हात

नाही डॉक्टर, नळीचं काही नाही, घाला खुशाल — म्हणजे घाबरतो मी, नळीला कोण नाही घाबरत — पण ते 'दुखलं तर हात वर करा' तेवढं म्हणू नका. दुसरी खूण ठरवू. मी पाय आपटेन, चालेल? हसू नका.

बाहेर बाकावर माझी फाईल मांडीवर घेऊन बसल्यात ना, त्या माझ्या वहिनी. त्यांना वाटतं घसा बसलाय, चार गोळ्यांनी सुटेल आणि शनिवारच्या कार्यक्रमात मी दादाच्या जागी उभा राहून गाईन. मी बँडचा मॅनेजर हो. हॉल ठरवायचा, गाडी सांगायची, ड्रमवाल्याला झोपेतून उठवायचं — पडेल ते काम. गायचोही, पण लोकांसमोर नाही. चाळिशीनंतर दादाचा वरचा सूर फाटायला लागला. मग मी ड्रमच्या मागे, काळ्या पडद्याआड माईक धरून बसायचो. त्यानं डावा हात वर केला की पुढचा सूर माझा. तोंड त्याचं, गळा माझा, टाळ्या त्याला — अकरा वर्षं. वाईट? छे, वाईट कसलं वाटायचं. आमचे आवाज इतके सारखे की आई फोनवर जन्मभर मलाच दादा समजून रागावली. घरातही कुणाला पत्ता नव्हता. वहिनींनासुद्धा नाही. दादाचीच अट होती तशी.

पण पडद्याआडून मला दिसायचं काय? पाठ. पाठ आणि हात.

मार्चमधल्या कार्यक्रमात त्यानं हात वर केला — चार ओळी आधीच. मला वाटलं, स्वारी आज लवकर थकली. घेतला सूर. लांबवला. इतका छान लागला होता की लोक उभे राहिले. हात वरच होता, डॉक्टर. म्हणून मी आणखी लांबवला. ड्रम बंद पडले तेव्हा थांबलो, बाहेर आलो, तर तो खाली. छातीत कळ आली होती. बोलावत होता हो मला. आणि मी गात होतो.

वहिनी सगळ्यांना सांगतात, 'शेवटच्या श्वासापर्यंत गात होते.' रोज सकाळी ते रेकॉर्डिंग लावतात. सुराच्या शेवटाला एक बारीक हेलकावा आहे, तो माझा, लाख प्रयत्न केले तरी जात नाही. शनिवारी तो माझ्या तोंडून ऐकला, की कळायचं काय राहिलं?

म्हणून म्हटलं, एक चिठ्ठी द्या, घसा कायमचा गेला अशी. तपासल्याशिवाय नाही? बरोबर आहे तुमचं. आणि आत काहीच निघालं नाही तर? मला भीती त्याचीच आहे — घसा धडधाकट निघायची.

तिकडे काय बघता? दार लोटलेलंच आहे ना? मग ठीक.

बरं, घाला. हात नाही वर करणार मी. तुम्ही नळीतलं दाखवणाऱ्या त्या टीव्हीकडेच बघत बसू नका, मधूनमधून माझ्या तोंडाकडेही बघा. एवढंच करा. आ—