टॉवेलाखालचा भाव

हॉस्पिटलच्या बिलाला तुम्ही काय घाबरता! आमच्या नानाकाकांनी माझ्या ऑपरेशनचा भाव बोटांनी विचारला होता.

मी बारावीत होते. पावसच्या बागेत दगडी कुंपणाच्या गडग्यावरून पडले आणि मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागेल."

काका आंब्याचे बागायतदार. मुंबईच्या बाजारात तेव्हा भाव टॉवेलाखाली बोटं दाबून ठरायचा, तोंडाने कोणी आकडा बोलायचं नाही. मी आकडा ऐकून हबकेन म्हणून काकांनी खांद्यावरचा टॉवेल डॉक्टरांच्या हातावर टाकला, खाली आपला थरथरता हात घातला आणि म्हणाले, "हं, सांगा."

डॉक्टर कोकणात नवे. त्यांनी काकांचा अख्खा पंजा घट्ट दाबला.

काका पांढरेफटक पडले. "बाय, पाच हजार!"

म्हणजे आंब्याचं अख्खं वर्ष गेलं. मी लगेच म्हटलं, "काका, राहूदे हात वाकडा. घरी चला."

डॉक्टर गडबडले. "कसले पाच हजार? सगळं मिळून बाराशे. तुमचा हात थरथरत होता, म्हणून धीर द्यायला धरला हो!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर मी भीतीने लटपटत होते. डॉक्टरांनी माझा धड हात हातात घेतला आणि घट्ट दाबला.

भूल चढायच्या आत मी जीव खाऊन ओरडले, "काका, भाव वाढला!"