गाडीत नसलेला ओव्हरड्राइव्ह

"'रिव्हर्स टाकण्याआधी ओव्हरड्राइव्ह बंद करायचा,' असं बाबा दर वेळी बजावायचे. आणि काका, गाडीत ओव्हरड्राइव्ह नव्हताच!"

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकेला हसू आलं. जुन्या ब्रिटिश टू-सीटर मोटारीपाशी एक तरुणी आणि म्हातारे मिस्त्री बोलत होते.

"नव्हता कसा? तुझ्या बापाने आणलेला, सहा वर्षं खोक्यात पडून होता की! ह्याला गिअरबॉक्समधला शाफ्टच वेगळा लागतो, हे मी सांगून थकलो. तुझा बाप ऐकेल तर शपथ."

"आई म्हणायची, ह्या गाडीत नवऱ्याशी बोलायची सोय नाही, इंजिनच बोलत बसतं."

"आता नाही बोलायचं. तो शाफ्ट मिळवून ओव्हरड्राइव्ह बसवलाय. चौथ्या गिअरमध्ये हे बटण दाब. वेग तोच राहील आणि इंजिन शांत होईल."

"मावशीच्या गावापर्यंत गप्पा मारत नेईन, असा बाबांनी आईला शब्द दिला होता."

"मग ने की तू! वहिनी कुठे आहेत?"

"फाटकाशी उभी आहे. बाबा गेल्यापासून तिला ह्या गाडीत बसवत नाही."

"समजावत बसू नकोस, पोरी. नुसतं दार उघड."

तरुणी गाडीत बसली. एवढ्यात फाटकाकडून हाक आली.

"अगं, मागे घेतेस ना? तो ओव्हरड्राइव्ह बंद आहे का बघ आधी!"

"बंद आहे, आई."

तिने गाडी हळूच फाटकापर्यंत मागे नेली आणि वाकून पलीकडचं दार उघडलं.