पुढच्या दाराचा रॅम्प

मी रॅम्प चुकीच्या दाराला बांधला. व्हीलचेअरवरच्या माणसाला घरात जाता यावं म्हणून तो बांधायचा होता, स्वयंपाकघराच्या दाराला, ड्रॉइंगवर तसं स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी तो पुढच्या दाराला बांधला, आणि वर सहा फूट लाकूड वाचवलं म्हणून मिरवलं. आता विचारा काय विचारायचं ते.

माझं मूळ कुपवाडचं, सांगलीशेजारचं. वडील सूतगिरणीत होते, मी आयटीआय केलं, टर्नर झालो, एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागलो आणि तिथंच म्हातारा होणार होतो, पण लग्न झालं मंजिरीशी, ती कॉम्प्युटरवाली, आणि तिच्या कंपनीनं तिला मिशिगनला पाठवलं तेव्हा तिच्या व्हिसावर मीही आलो, सामानासारखा. लोक विचारायचे आपण काय करता, मी म्हणायचो, डिपेंडंट आहे. चार वर्षं नोव्हायच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटल्या, गोल यायला लागल्या तेवढ्यात कामाचा परवाना आला, आणि मी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये चिकटलो. अजून तिथंच आहे. इंजिनिअरिंगची पोरं लेथवर काहीबाही करायला येतात, त्यांची दहाही बोटं घरी जातील एवढं बघायचं, हे माझं काम.

तर मार्चमध्ये पोरांना आठवडाभर सुट्टी असते. मला वाटायचं या सुट्टीत सगळी फ्लोरिडाला जातात, समुद्रावर लोळतात, बिअर पितात आणि लाल होऊन परत येतात. तशीही असतात, नाही असं नाही. पण काही पोरं काय करतात, तर दहा-बारा जणांचा गट करून कुठं घरं दुरुस्त करायला जातात, कुठं धान्य वाटायला जातात, जमिनीवर झोपतात, स्वतःचं स्वतः रांधतात आणि सोमवारी परत वर्गात. प्रत्येक गटाबरोबर एक नोकरीतला माणूस लागतो, व्हॅन चालवायला. मंजिरी म्हणाली, जा की, इथं बसून तरी काय करणार, रिमोट शोधणार. म्हणून मी नाव दिलं. सेवाबिवा डोक्यात नव्हती हो, काय सांगू तुम्हाला, केंटकीचे डोंगर बघायला मिळतील एवढंच होतं.

जायच्या आधी मीटिंग झाली, त्यात कळलं की गटाची लीडर पोरांतलीच असते. आमची मॅडी, नर्सिंगला, वय वर्षं वीस, माझ्या खांद्याएवढी, आणि पायात दोन साइझ मोठे बूट, भावाचे. तिनं मला सांगितलं, भास्कर, तू सल्लागार. म्हणजे काय करायचं? तर म्हणाली, विचारलं की सांगायचं. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, बाई, मी तीस वर्षं मायक्रोमीटर धरतोय, तू जन्माला यायच्या आधीपासून. त्या सात दिवसांत मला कुणी काही विचारलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

नऊ तास गाडी चालवून आम्ही पोचलो. डोंगराच्या घडीत एक गाव, गाव म्हणजे काय, एक रस्ता, एक चर्च, एक पेट्रोलपंप. चर्चच्या हॉलमध्ये आमचं बिऱ्हाड. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या घरी गेलो. घर मिस बेव यांचं, पंच्याहत्तरीच्या बाई, तिकडं लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात, आणि त्यांचे यजमान रॉय. रॉय खाणीत होते पूर्वी. साखरेच्या आजारानं त्यांचा डावा पाय गेला होता, गुडघ्याखालून, आणि ते दोन महिने रिहॅबच्या दवाखान्यात होते, चाळीस मैलांवर. शुक्रवारी दुपारी त्यांना सोडणार होते. पण अट होती, की घरी रॅम्प पाहिजे. रॅम्प नसला तर तिथून थेट नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिकडच्या वृद्धाश्रमात, आणखी लांब. मिस बेव म्हणाल्या, तिथं माझी बहीण गेली होती, आठ दिवसांसाठी. एवढंच म्हणाल्या आणि चहा थंड होतोय, घ्या, म्हणाल्या.

तर कळलं ना, शुक्रवार दुपार. सगळं त्याच्यावर.

सोमवारी मापं झाली, मॅडीनं ड्रॉइंग काढलं, सामान उतरवलं. मंगळवारी मॅडी अर्धी पोरं घेऊन दुसऱ्या घराचं छप्पर बघायला गेली, मिस बेव रॉयना भेटायला रिहॅबला गेल्या, आणि रॅम्पवर उरलो मी, तीन पोरं आणि ओंकार. ओंकार आपला नागपूरचा, एमएस करतोय, त्या गटात मराठी आम्ही दोघंच. जाताना मॅडीनं ड्रॉइंग ओंकारच्या हातात दिलं, माझ्या नाही. हे लक्षात ठेवा, मला ते टोचलं होतं.

मी ते त्याच्याकडून घेतलं आणि बघितलं, तर रॅम्प मागं, स्वयंपाकघराच्या दाराला. मला ते पटेना. आमच्याकडं माणूस दवाखान्यातून घरी आला की त्याला पुढच्या दारात थांबवतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात आणि मग उजवं पाऊल आत. मागच्या दारानं कोण येतं? मांजर. आणि इथं दोन महिन्यांनी घरचा कर्ता माणूस येणार, एक पाय देऊन आलेला, आणि त्याला मागनं घ्यायचा, कचऱ्याच्या डब्यांजवळनं? शिवाय पुढचं दार बुटकं. बावीस इंच उंची. इंचाला एक फूट लांबी असा रॅम्पचा हिशोब असतो, म्हणजे बावीस फुटांत काम. मागं अठ्ठावीस लागणार आणि वर एक वळण. म्हटलं, पोरीनं चुकीचं दार काढलंय.

ओंकार म्हणाला, काका, इथं किचन डोअर लिहिलंय, यार. अरे, म्हटलं, वीस वर्षांची पोरगी ती, मी तीस वर्षं ड्रॉइंग वाचतोय. काका, वाचताय, पण मानत नाही आहात. मी म्हटलं, तू फावडं घे. तो म्हणाला, मॅडीला फोन तरी करू का? तर तिथं फोनला रेंज नाही, आणि असती तरी मी करू दिला नसता, खरं सांगतो. बाकीच्या तीन पोरांना मी सांगून टाकलं, प्लॅन चेंज झालाय. मोठा माणूस सांगतोय म्हणून त्यांनी मान्य केलं.

आणि कामाला अशी लागली पोरं, की मला आमच्या एमआयडीसीतली सकाळची पाळी आठवली. सहा खांब, काँक्रीट घालून पक्के, वर फळ्या, स्क्रूनं आवळलेल्या, कठडा सुद्धा उभा. चार वाजता मी उतारावर लेव्हल ठेवली, बुडबुडा हवा तिथं. तेवढ्यात मिस बेव आल्या. गाडीतून उतरल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, किती सुंदर केलंय, हनी. मी कॉलर ताठ केली. त्यांनी आम्हाला कॉर्नब्रेड आणि घेवडा खायला घातला, मी दोनदा घेतला. मॅडी संध्याकाळी थेट चर्चवर आली, छपरानं तिचा जीव घेतला होता, मी तिला सांगितलं, रॅम्प झाला, आणि सहा फूट लाकूड उरलंय. ती म्हणाली, ते कसं काय? म्हटलं, अनुभव.

बुधवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो, कठड्याला पॉलिश पेपर मारायला. तर आतून घासल्याचा आवाज. खिडकीतून बघितलं, तर मिस बेव एकट्या भला मोठा फ्रीझर ढकलत होत्या. पुढच्या दाराच्या मागं लावलेला होता तो, ते दार त्यांनी कित्येक वर्षांत उघडलंच नव्हतं. आतलं मटण, मका, सगळं खुर्च्यांवर काढून ठेवलेलं, बाई घामाघूम. मी धावलो मागनं, अर्थात स्वयंपाकघराच्या दारानं, कारण दुसरं दार उघडत नव्हतं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा ते घर आतून नीट दिसलं. स्वयंपाकघराला लागून रॉयची कॉट मांडलेली, शेजारी बाथरूम. आणि पुढच्या दारातून आत येणारा बोळ एवढा अरुंद, की मी टेप लावला आणि टेप परत गुंडाळला. व्हीलचेअर त्यात शिरली असती तर अडकून बसली असती, वळली तर कधीच नसती.

मी म्हटलं, मिस बेव, काल बोलला का नाहीत? तर त्या म्हणाल्या, तुम्ही लोक एवढ्या लांबून आलात, एवढे राबलात, मी कुठल्या तोंडानं सांगू. म्हटलं फ्रीझर सरकवला तर जमेल काहीतरी.

काय सांगू तुम्हाला, मला त्या बाईनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

व्हॅन मी आणलेली, म्हणून दहा मिनिटांत पोरं चालतच आली चर्चवरून, मी अंगणात उभा. मॅडीनं रॅम्प बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी केलं, पोरांनी नाही, ओंकार नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. वाटलं आता ही मला सगळ्यांसमोर धुणार, आणि धुवावंच. आमच्या वर्कशॉपच्या मालकानं पाना फेकून मारला असता. ती रॅम्पवर चढली, ते मोठे बूट एका फळीवर दोनदा आपटले. मग म्हणाली, फळ्या स्क्रूनं लावल्यात की खिळ्यानं? म्हटलं, स्क्रूनं. म्हणाली, मग निघतील. आणि पोरांकडं वळली, म्हणाली, उद्याची सुट्टी गेली, कुणाला काही म्हणायचंय?

आता ही सुट्टी म्हणजे काय, तर आठवड्यातला एकच दिवस त्यांना फिरायला मिळतो, गुरुवार, धबधब्यावर जायचं ठरलं होतं, पोरांनी रविवारपासून त्याचाच जप लावला होता. एक मुलगी म्हणाली, ड्रिल चार्ज आहे का? बस. मी माणसं बघितली आहेत हो, ओव्हरटाइमचं नाव काढलं की पोट दुखणारी, त्यात मी पण होतो. ही पोरं पैसे भरून आली होती आणि माझं पाप फेडायला एका दमात तयार झाली.

ओंकार माझ्याजवळ येऊन म्हणाला, काका, मी म्हटलं होतं असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, थँक्यू. तर म्हणाला, पण म्हटलं होतं.

मॅडीनं मला काम दिलं, निघालेले स्क्रू निवडायचे, वाकडे एका डब्यात, सरळ एका डब्यात. तीस वर्षांचा टर्नर, शाळेतल्या पोरासारखा पायरीवर बसून स्क्रू निवडत होतो, आणि समोर बघत होतो. खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट पहारीनं हलवून हलवून काढले, दाढ उपटावी तसे, आणि गोळ्यासकटच मागं नेले, त्यांच्यासाठी तेवढे मोठे खड्डे त्या खडकाळ जमिनीत खणले. ते वळणावरचे खांब होते ना, ते बसेनात, तर मॅडी पोटावर झोपून हातानं दगड काढत होती. मधेच येऊन म्हणाली, भास्कर, हा खांब ओळंब्यात आहे का, बघ. म्हणजे बघा, मघाशी मी म्हटलं कुणी काही विचारलं नाही, ते खोटं, एकदा विचारलं, आणि ते विचारायची तिला गरज नव्हती, तिच्या हातात लेव्हल होती. मला कळलं ते. मी बघितला, म्हटलं, आहे.

गुरुवारी उजेड होता तोवर काम चाललं, शुक्रवारी सकाळी शेवटची फळी बसली. वाचवलेलं सहा फूट लाकूड पुरतं संपलं, बोटभर उरलं नाही. पुढच्या दारासमोरचे खड्डे पोरांनी बुजवले, वर गवताचं बी टाकलं.

रॉय यायच्या आधी मॅडीनं सगळ्यांना बाजूच्या झाडाखाली उभं केलं आणि सांगितलं, टाळ्या नाहीत, फोन बाहेर काढायचे नाहीत, माणूस स्वतःच्या घरी येतोय, आपला कार्यक्रम नाही हा. मला सांगा, विसाव्या वर्षी हे कुणाला सुचतं? मला पन्नाशीत सुचलं नसतं, मी तर नारळ आणला असता.

गाडी आली, रॉयना खुर्चीसकट उतरवलं. केवढा माणूस आणि केवढासा झालेला. गाडीवाला मागनं ढकलायला लागला, तर रॅम्पच्या तोंडाशी त्यांनी हात वर केला, म्हणजे सोड. आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत निघाले. वळणावरच्या सपाट जागेत थांबले, दम खाल्ला, कठडा हलवून बघितला, हलला नाही. मिस बेव वर जाळीचं दार पाठीनं धरून उभ्या, मदतीला आल्या नाहीत, नुसत्या उभ्या. पोचले वर. आत गेले. दार मिटलं. आम्ही झाडाखालीच, बारा माणसं, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं, कारण बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

त्याला तीन वर्षं झाली. मॅडी आता नर्स आहे, ओंकार इथंच मिशिगनमध्ये ट्रॉयला नोकरीला, आणि मी दर मार्चला जातो. आता तर पोरं आमच्यासारख्यांचा इंटरव्ह्यू घेतात, त्यात हमखास विचारतात, तुमची एखादी चूक सांगा. मी म्हणतो, वेळ किती आहे? घेतात मला. मंजिरी म्हणते, तू निवृत्त झालास तरी ते तुला नेतील, इशाऱ्यासाठी. चालेल की. ही पोरं बघितली ना, की वाटतं, यांच्या हातात जग गेलं तर जाऊ दे बापडं, आपल्या हातात होतं तेव्हा आपण तरी काय दिवे लावले.

या मार्चला आमचं काम त्याच भागात होतं, म्हणून वाट वाकडी करून मिस बेवकडं गेलो. रॉय रॅम्पच्या वळणावरच बसलेले, उन्हात, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा. तब्येत छान. आधी ओळखलं नाही, मग मिस बेवनी सांगितलं, हा तो, पहिला रॅम्प पुढच्या दाराला बांधणारा. मी म्हटलं, आमच्याकडं घरच्या माणसाला मानानं पुढच्या दारानं घेतात, म्हणून बांधला. रॉयनी शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, आणि मला खालीवर बघून म्हणाले, त्या दारानं माझा बाप गेला, माझी आई गेली, सहा-सहा जणांच्या खांद्यावर, आणि मी पण त्याच दारानं जाणार आहे, पण एकदाच, तुला एवढी घाई कसली झाली होती?