तुळशीखालची टाकी

मालवणच्या स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या सुभद्रेच्या पाठीमागे दोघे भाऊ बोलत होते.

"संडासच्या टाकीचा झाकण गावला, प्रीतम?"

"गावला. आपल्या तुळशीखाली."

"टाकीवर तुळस? कोणी बांधली?"

"आयेनंच."

"रोज दिवो लावता थंय. तिका ठावक आसा?"

"आसा. म्हणता, ल्हान असताना आमी त्या झाकणार उड्यो मारी होतव. फरशेक चीर गेली. तुळशीर कोण पाय देवचो नाय, म्हणान बांधली."

"मगे आता नवी टाकी घातल्यार तुळस खंय?"

"आयेक इचारलंय. नव्या टाकीवर बांध म्हणता."

"आता कित्याक? नव्या टाकीचा झाकण मजबूत आसतला."

"मे महिन्यात तुझी ल्हान चेडवां येतत मा?"

सुभद्रेनं वळून पाहिलं नाही. आपल्या अंगणातली तुळस कोणी आणि कधी बांधली, ते मात्र तिला काही केल्या आठवेना.