घाटातला फोन

तेव्हा मी कर्जतला रेल्वेचे टेलिफोन दुरुस्त करायचो, बरं का. घाटातल्या ठाकूरवाडी स्टेशनात अडगळीत एक लाकडी पेटी सापडली, सोबत हुक लावलेली लांब काठी. ते काय आहे, कुणालाच ओळखता येईना. शेवटी मला उमगलं, घाटात कुठेही तारेवर काठी अडकवून कर्जतशी बोलायचा तो फोन होता.

उघडला, तर बोलायची बाजू धडधाकट होती, फक्त ऐकायची तार तुटलेली. मी ती जोडत होतो, तेवढ्यात म्हातारा गँगमन पदू शेजारी येऊन बसला.

"दरडीखाली माजा भाऊ घावला, तवा मुकादम याच पेटीत वरडत हुता. उत्तर आलं नाय. मंग आमी त्याला झोळीत घालून रानातनं खाली निगालो. वाटंतच गेला."

"मदत आलीच नाही?"

"मागनं इंजिन आलं हुतं म्हनं. त्यांना कसं कळलं, देव जाने."

माझे हात थांबले. "यातली फक्त ऐकायची तार तुटलीय," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तिकडं ऐकू गेलं हुतं?"

"हो. तुम्हालाच त्यांचं ऐकू येत नव्हतं."

मग तो उठता उठता म्हणाला, "दादा, माज्या वयनीला सांगू नको. ती बी तितं खडी टाकत हुती. थांबू नका, झोळी उचला, असं तीच वरडली हुती."